कावीळ उतरवणाऱ्या बाईची कावीळ

मिटमिट्याच्या पुढं नीट उजाडलं, तेव्हा दगडाबाईंनी चपला काढून पिशवीत कोंबल्या आणि डांबर सोडून रस्त्याच्या कडेच्या ओल्या गवतातून चालायला सुरुवात केली. श्रावणातला शनिवार. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या माणसांची रांग पार पुढं शरणापूर फाट्यापर्यंत लागलेली. कुणी भजन म्हणत होतं, कुणी मोबाइलवर गाणी लावली होती. दगडाबाईंचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. एका पायाच्या टाचेनं दुसरा पाय खाजवत, पुन्हा चालीला लागत, त्या झपाझपा पुढं निघाल्या होत्या.

"मावशी, काटा भरेल," मागून कौसल्या म्हणाली.

"भरू दे. काट्याचं दुखणं काट्यापाशी तरी असतंय. हे कुठं हाय ते सापडंना."

कौसल्याला धाप लागली होती. तिचं वय चव्वेचाळीस, आणि बासष्ट वर्षांची बाई तिला मागं टाकत होती. नगरनाक्यापर्यंत रिक्षानं येऊन दोघी पहाटे चालायला लागल्या, तेव्हापासून दगडाबाई एकदाही टेकल्या नव्हत्या. पडेगावात मंडळाची पोरं चहा वाटत होती, तोही त्यांनी उभ्यानं घेतला. कप या हातातून त्या हातात करत घेतला, कारण गरम काही तळहाताला लागलं की खाज आणखी पेटायची.

कौसल्याच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्याला तीन आठवडे झाले होते आणि पाकिटातली एकही गोळी फुटलेली नव्हती. दगडाबाईंचा मुलगा गोकुळ वाळूजला कंपनीत कामाला. काल संध्याकाळी तो पाकीट घेऊन कौसल्याच्या दारात आला होता. "काकू, मी हात टेकले. आई तुमचंच ऐकली तर ऐकेल." मारुतीचं दर्शन व्हायच्या आत पहिली गोळी दगडाबाईंच्या पोटात गेली पाहिजे, एवढं ठरवूनच कौसल्या घरातून निघाली होती. तिला स्वतःला नवस-सायासाची फार सवय नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, शनिवारी तेल वाहते, झालं.

दगडाबाई म्हणजे मुकुंदवाडीची कावीळवाली बाई. रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिसरं घर, दारात सिमेंटचा ओटा. बुधवारी आणि रविवारी सकाळी त्या ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसतात. चिकलठाण्याची येतात, गारखेड्याची येतात, पार कन्नडहून एसटीनं येतात. टोपीवाले येतात, बुरखेवाल्या येतात. दगडाबाई एका झुडपाच्या बोटभर काड्या दोऱ्याच्या गाठींनी बांधून त्यांची छोटी माळ करतात आणि ती डोक्यावर ठेवतात, टोपीसारखी. ती माळ दिवसागणिक वाढत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि शेवटी पायातून निघते. पायातून निघाली म्हणजे कावीळ उतरली. बदल्यात फक्त एक नारळ, तोही मारुतीचा. झुडूप कोणतं हे त्या कुणाला सांगत नाहीत.

त्यांचा जन्म फुलंब्रीकडच्या खेड्यातला. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडाबाई ठेवलं, काळानं बघून न बघितल्यासारखं करावं म्हणून. लग्न करून मुकुंदवाडीत आल्या, नवरा, सांडू, एका कंपनीत हमाली करायचा. माळेचा गुण सासूच्या, चंपाबाईच्या हातात होता. चंपाबाई थकली तेव्हा ती सुनेला खुलताबादला घेऊन गेली, मारुतीसमोर तिच्या ओंजळीत माळ ठेवली आणि शब्द घेतला. त्याला आता तीस वर्षं झाली. सांडू गेला, ओट्याला दोनदा प्लास्टर झालं, शहराचं नाव बदललं, पण बुधवार-रविवार चुकला नाही.

कौसल्या त्याच गल्लीत राहते आणि एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मराठी शाळेत शिकली, लॅबचा कोर्स केला, वीस वर्षं सुया टोचतेय. कावीळ किती चढली हे तिचं मशीन आकड्यात सांगतं. पेशंट बाही वर करतात तेव्हा निम्म्यांच्या गळ्यात दगडाबाईंची माळ दिसते. दगडाबाई तिला म्हणायच्या, "कौसे, तुझ्या सुईला कावीळ दिसती, माझ्या माळंनं जाती. आपलं दुकान एकच हाय."

कौसल्या हसायची आणि विषय बदलायची. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा लांब होतो, हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. साधी कावीळ तीन-चार आठवड्यांत बहुतेकांची आपोआप जाते, हेही तिला माहीत होतं. पण ओट्यावर बसलेल्या बाईला ते तोंडावर सांगायचं, तर जीभ रेटत नव्हती.

दीड वर्षापूर्वी दगडाबाईंना खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, आणि तळहात-तळपाय असे खाजायचे की जणू कातडीच्या आतून मुंग्या चालल्यात. त्यांनी साबण बदलला. मग आठ-आठ दिवसांनी नळाला येणाऱ्या साठवणीच्या पाण्याला दोष दिला. कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळी केल्या. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटायचं, तरी एका जागी बसवत नसे. उठायचं, फरशीवर पाय घासायचे, मोरीत जाऊन पायांवर पाणी ओतायचं, पुन्हा येऊन बसायचं. गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या, "दगडाबाई, म्हातारपणी नेलपॉलिश कामून लावलंय?" नखं खरंच चकचकीत दिसत होती. खाजवून खाजवून ती पॉलिश झाली होती.

ती नखं बघूनच कौसल्याला शंका आली. तिनं त्यांना खिडकीपाशी उजेडात नेलं आणि खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग फिक्या हळदीसारखा झालेला.

"मावशी, तुम्हाला दिसलं नाही का हे?"

"हजारांचे डोळे बघितले म्या," दगडाबाई पापणी सोडवून घेत म्हणाल्या. "माझे दिसणार नाय व्हय?"

तरी रक्त द्यायला त्यांनी दोन महिने लावले. रिपोर्ट आले तेव्हा यकृताच्या डॉक्टर युसरा यांनी दोघींना समोर बसवलं. युसरा तिशीतली मुलगी, वडील खुलताबादला किराणा दुकान चालवतात, मराठी अशी सफाईनं बोलते की बायका तिला डॉक्टर म्हणायचं सोडून बाळा म्हणतात. तिनं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मग स्वतःच म्हणाली, "नाव जाऊ द्या. पीबीसी म्हणतात, तेवढं बास. मावशी, ही तुमच्या ओट्यावरची कावीळ नाही."

तिनं कागदावर यकृत काढलं आणि त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नळ्या. पित्त यकृतात तयार होतं आणि या नळ्यांमधून वाहत आतड्यात जातं, म्हणाली. नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. आपल्या रक्तात राखणीच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतू शिरला की त्याला मारणं हे त्यांचं काम. मावशींच्या शरीरात त्या पेशी या अस्तरालाच परका समजून बसल्यात. नळीभोवती जमतात, तिला सुजवतात, अस्तर कुरतडतात. नळी गेली की पित्त मागं तुंबतं, रक्तात उतरतं, आणि अंगाला खाज सुटते.

"त्यांना कुणी सांगितलं मारा म्हणून?" दगडाबाईंनी विचारलं.

युसरानं पेन बाजूला ठेवलं. "नक्की कुणालाच माहीत नाही, मावशी. एक अंदाज असा आहे की कधीतरी एखादा जंतू येऊन गेला असेल, आणि त्याचा तोंडवळा आपल्याच पेशीतल्या एका भागासारखा असेल. जंतू गेला. राखणदारांच्या डोक्यातून तोंडवळा गेला नाही."

"आन् त्यांना आवरायला कुणीच नाय?"

"असतात ना. मारणाऱ्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. या आजारात त्या कमी पडतात."

"म्हणजे घरात थोरलं माणूस राह्यलं नाय," दगडाबाई म्हणाल्या. युसरानं त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली. याहून सोपं करून तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी कौसल्यानं त्यांना लॅबमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या तुकड्याची एक जुनी काचपट्टी दाखवली, शिकवण्यासाठी ठेवलेली, दुसऱ्याच कुणा पेशंटची. गुलाबी मांसात एक छोटं गोल भोक, म्हणजे पित्ताची नळी. तिच्याभोवती जांभळ्या ठिपक्यांचा गराडा, एवढा दाट की नळीची कड कुठं संपते ते कळेना. दगडाबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. बघता बघता पायानं पाय खाजवत होत्या.

"येवढ्याल्या टिकल्या," म्हणाल्या. "आन् किती जमल्यात."

गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर. गोळीनं पित्त पातळ होऊन पुढं सरकतं, नळ्यांवरचा मार कमी होतो. खाजेसाठी पाण्यात कालवून घ्यायची वेगळी पूड. अजून वेळ हातात आहे, युसरा म्हणाली होती, पण गोळी टाळली तर यकृत दगडासारखं घट्ट होत जाईल आणि मग मात्र आमच्या हातात फार राहणार नाही. दगडाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, पाकीट पदरात गुंडाळलं आणि घरी जाऊन देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवून दिलं.

दौलताबादच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला पेरूवाल्या बसल्या होत्या. कौसल्यानं दोन पेरू घेतले आणि पाण्याची बाटली काढली. आता नाही तर कधी, असं म्हणून तिनं पाकीटही काढलं.

"मावशी, पेरू खा, आणि ही एक गोळी घ्या."

दगडाबाईंनी पेरू घेतला. गोळीकडं बघितलंसुद्धा नाही. "चल, घाट उन्हाच्या आत चढला पाह्यजे."

"ऊन कुठंय? आभाळ आलंय. तीन आठवडे झाले. गोकुळ रडकुंडीला आलाय."

"त्याचा बापबी असाच रडका."

"मावशी."

"चालता चालता बोल. बसलं की मुंग्या चढत्यात."

घाट सुरू झाला. जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं जीपांनी आणि ट्रकांनी हॉर्नचा कालवा केला होता. त्या गर्दीतून अंग चोरून दोघी वर आल्या आणि मग दगडाबाई आपण होऊनच बोलायला लागल्या. पुढं बघत, चालता चालता.

"चंपाबाईनं शब्द घेतलाय माझा. जी दुसऱ्याची कावीळ उतरवती, तिनं सोता कावीळीवर औषध तोंडात घ्यायचं नाय. माळबी सोताला घालायची नाय. घेतलं तर हातचा गुण जातो. मारुतीसमोर हात ठिवून बोलले म्या."

"हे मला आजवर का सांगितलं नाही?"

"तू हसली असती."

कौसल्या हसली नसती. ती म्हणाली, "मावशी, राग मानू नका. त्या काड्या वाळतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ वाढते."

दगडाबाई घाटात प्रथमच थांबल्या. तेही दोन पावलांपुरतं. "मग? तीस वर्सं गाठी मारती म्या, मला कळत नाय व्हय? तुला काय वाटलं, देव येऊन दोरा वढतो?"

कौसल्याची वाट न बघता त्या पुन्हा चालायला लागल्या.

"अगं, माळ डोक्यावर हाय तवर माणूस तेल खात नाय, दारूला शिवत नाय, उन्हात कामाला जात नाय. बायकूनं सांगून ऐकत नाय, डॉक्टरनं सांगून ऐकत नाय, माळंचं ऐकतो. तिकडं तापल्या सळईनं दंडावर डाग देणारा हाय, लेकरांच्या नाकात रस पिळणारा हाय. माझ्या वट्यावर आला तो त्यांच्या तावडीतून सुटला. मी वटा बंद केला तर समदे तिकडंच जातील."

दगडाबाई हे रागानं बोलत नव्हत्या, पण दम लागला होता आणि हात दंडावर फिरत होते, वर-खाली, वर-खाली. दंडावर जुन्या ओरखड्यांच्या काळपट रेघा होत्या.

"दुसरं सांगते," त्या म्हणाल्या. "शब्द मोडलाय म्या. अर्धा."

"म्हणजे?"

"होळीच्या आधी म्या सोताच्या डोक्यावर माळ घातली. पदराखाली. कुणाला दिसू दिली नाय. सूनबाईला वाटलं सर्दी झालीय म्हणून डोकं बांधलंय. एकवीस दिस तेल बंद, मीठ कमी, समदं केलं. काडी वाळती, दोरा सुटतो, ठाऊक असून रोज आरशात बघायची, कुठवर आली. गळ्यात आली तवा जीव हरकला, काय सांगू तुला. येडं मन. बाविसाव्या दिशी पायातून निघाली." त्यांनी रस्त्यावर पाय घासला. "माळ खाली आली. डोळे तसेच पिवळे, खाज तशीच."

पुढं चालणाऱ्या बायांच्या घोळक्यात कुणी तरी आरती म्हणायला लागलं होतं. कौसल्या त्यांच्या जवळ सरकली.

"तवापास्न पुंजाराम डोक्यातून जात नाय," दगडाबाई म्हणाल्या.

पुंजाराम चिकलठाण्याचा. चार वर्षांपूर्वी आला होता. माळ नेमानं पायातून निघाली, पण माणूस दिवसेंदिवस पिवळा होत गेला. शेवटी घरच्यांनी दवाखान्यात नेला तर पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. थोडक्यात वाचला. कौसल्यानंच त्याचं रक्त काढलं होतं.

"म्या त्याला म्हणलं होतं, धीर धर, माळ अजून गळ्यातच हाय. त्यानं धरला धीर. नळी बंद, आन् म्या त्याला माळ बघायला बशिवला." त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. "कुणाची कावीळ माळंची, कुणाची तुझ्या सुईची, हे वट्यावर बसून मला दिसत नाय, कौसे. माझीच मला दिसली नाय."

"मग घ्या ना गोळी. शब्द अर्धा मोडलाच आहे."

"अर्धा चोरून मोडला. पुरा मारुतीला सांगून मोडायचा म्हणते." आणि मग, पाय न थांबवता, "मोडायचा नाय खरं तर. सोडवून घ्यायचा. माळ दुसऱ्या बाईच्या वंजळीत दिली की माझं बंधन सुटतं. मग तुझ्या त्या डॉक्टर पोरीनं दिलंय ते समदं खाती, गोळ्याबी, पूडबी. सूनबाईला इचारलं. ती म्हणली, मला शिफ्ट असती, आत्या, ते झंझट माझ्यामागं नको."

कौसल्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस आपल्यावर येणारं दिसत असूनही दुसरीकडं बघतं, तसं तिचं झालं. डोळ्यांसमोर गल्लीतल्या बायका आणून ती मनाशी म्हणत होती, या कामाला कोण तयार होईल, ही का ती.

खुलताबादच्या वेशीतून आत आल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. दर्ग्याजवळच्या दुकानांची शटरं नुकतीच वर जात होती. मंदिराबाहेरची रांग लांब, आणि रांगेत उभं राहायचं म्हणजे दगडाबाईंना शिक्षा. त्या जागच्या जागी पाय उचलत होत्या, लहान मुलासारख्या. पुढचा माणूस वैतागून म्हणाला, "मावशी, धक्के कामून देता? देव कुठं पळून चाललाय?"

"देव नाय रे बाबा. तो निजलेलाच हाय. पळायचं मलाच वाटतंय."

माणसं हसली. तोही हसला आणि त्यानं त्यांना पुढं घेतलं.

आत मारुती आडवा पहुडलेला, शेंदरानं माखलेला, रुईच्या माळांखाली जवळजवळ झाकलेला. कौसल्यानं हात जोडले. दरवर्षी ती इथं घरातल्यांची नावं घेते. या वेळी तिला एकच नाव आठवलं. दीड वर्षात धड झोप न मिळालेली बाई निजलेल्या देवासमोर उभी आहे, हे बघून तिनं डोळे मिटले. ती पुटपुटली, देवा, हिला एवढी बुद्धी दे.

डोळे उघडले तेव्हा दगडाबाई तिच्याकडंच बघत होत्या. पिशवीतल्या चपलांच्या खालून त्यांनी फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि सोडली. आत माळ होती. ताजी, काड्या हिरव्या, गाठी अजून करकचून बसलेल्या, मुठीत मावेल एवढी लहान.

"मावशी, नको," कौसल्या म्हणाली. दवाखान्यातल्या बायका हसतील, युसरा काय म्हणेल, हे आधी डोक्यात आलं. मग त्याहून वाईट दुसरं आलं. ती रोज कावीळ झालेल्यांच्या रक्तात हात घालते. उद्या हातमोज्यातून सुई बोटात गेली आणि तिलाच कावीळ झाली, तर तो शब्द तिला बांधील. "मी सुईवाली बाई. माझा विश्वास नाही यावर, तुम्हाला ठाऊक आहे."

"इस्वास माझाबी दोऱ्यावर नाय, म्या रस्त्यात सांगितलं तुला. आन् चंपाबाईची अट तुला नाय घालत. तुला कावीळ झाली तर दवाखान्यात जा, लागंल ते औषध खा. ती अट माझ्यापाशी सरली, मारुतीला म्या आत्ताच सांगितलं." मागून लोक ढकलत होते, पुजारी चला चला म्हणत होता. दगडाबाईंनी एक पाय दुसऱ्यावर घासला. माळ धरलेला हात मात्र हलला नाही. "माझी अट येगळी. माणूस वट्यावर आला की आधी त्याचं रक्त बघ. रक्तात साधी कावीळ निघाली तरच माळ घाल, म्हणजे तो तेल-दारू सोडंल. दुसरं काय निघालं तर त्याच्या नातेवाइकाला हाताला धरून त्या पोरीकडं धाड. बुधवारी तुला ड्यूटी असती, तर नुसता रविवार धर. मी बाजूला बसंन. झुडूप दाखवीन. तुझ्या पर्समधलं पाकीटबी इथंच फोडीन, ह्याच्यासमोर."

त्यांनी माळ पुढं केली.

"वंजळ कर, कौसे. एवढं कर माझ्यासाठी."